बोटीचे खाते

आमच्या घराण्यात पाण्याशी कोणाचा व्यवहार झाल्याचे ऐकिवात नाही. सांगलीत हळदीची अडत, हरिपूरच्या पेवांत साठवलेला माल, आणि कृष्णामाई म्हणजे श्रावणात रात्री उठून पातळी विचारावी अशी नदी, एवढाच काय तो संबंध. २००५ च्या महापुराने ती पेवेही निकामी केली. अशा घरातला, गेली तीस वर्षे अमेरिकेच्या मिशिगन राज्यात हार्डवेअरचे दुकान चालवणारा माणूस पन्नाशी उलटल्यावर साठ वर्षांची लाकडी मोटारबोट विकत घेतो, हे आप्तेष्टांच्या पचनी पडणे कठीणच होते. थोरल्या काकांनी सांगलीहून फोनवर सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, "यात सुटतं किती रे?"

त्या प्रश्नाचे उत्तर पुढे आकड्यांनिशी देणार आहे. पण त्याआधी बोटीविषयी.

आमच्या गावापासून तासाभराच्या अंतरावर सेंट क्लेअर नदीकाठी अल्गोनाक नावाचे लहानसे गाव आहे. तेथे ख्रिस्तोफर कोलंबस स्मिथ नावाचा एक माणूस बदकांच्या शिकाऱ्यांसाठी होड्या बनवीत असे. त्याच्या आणि त्याच्या मुलांच्या हातून पुढे ‘क्रिस-क्राफ्ट’ ही कंपनी उभी राहिली. महोगनी लाकडाच्या, व्हार्निशने आरशासारख्या चमकणाऱ्या, पेट्रोल इंजिनाच्या बोटी हे तिचे वैशिष्ट्य. मोटारगाड्या जशा साखळीपद्धतीने तयार होत तशा या बोटी तयार होऊन हप्त्यांवर विकल्या गेल्या, म्हणून मध्यमवर्गीय कुटुंबांच्याही दारी पोहोचल्या. पुढे फायबरग्लास आले आणि १९७० नंतरच्या एकदोन वर्षांत कंपनीने लाकडी बोटी बनवणे थांबवले. जाणकारांच्या जगात १९४३ ते १९७५ या काळातील बोटींना ‘क्लासिक’ म्हणतात, त्याआधीच्यांना ‘अँटिक’. माझी १९५५ सालची, १७ फुटी, ‘स्पोर्ट्समन’ जातीची.

ती मला एका शेतकऱ्याच्या कोठारात मिळाली. ट्रेलरसह किंमत ३,५०० डॉलर. इंजिन सहा सिलिंडरचे, ‘के’ नावाचे, ९५ अश्वशक्तीचे. मूळ ठोकळा हर्क्युलीस कंपनीचा आणि त्यावर चढवलेला सागरी साज क्रिस-क्राफ्टचा. कंपनीची जुनी दप्तरे व्हर्जिनिया राज्यातील न्यूपोर्ट न्यूज येथील मरिनर्स म्युझियममध्ये जपून ठेवलेली आहेत. बोटीचा क्रमांक कळवला की तेथून तिच्या जन्मपत्रिकेची प्रत मिळते : ती कधी पाठवली, कोणत्या विक्रेत्याकडे गेली, इंजिनाचा क्रमांक कोणता. माझ्या बोटीचे मूळ इंजिन अजून तिच्याच पोटात आहे हे त्या कार्डावरून कळले तेव्हा मला झालेला आनंद जुन्या व्यापारी पेढीची पहिली वही हाती लागल्यासारखा होता.

आणि त्या आनंदातच मी फसलो.

बाबा बाजारात हळद पाहताना वरच्या मुठीकडे कधी लक्ष देत नसत. परखी पोत्याच्या मध्यावर खुपसून आतला माल हातावर घेत, कांडी मोडून पाहत, वास घेत. वरचा थर सगळेच चांगला ठेवतात, असे ते म्हणत. मी हे लहानपणापासून पाहिले होते. तरीही बोट घेताना मी टोच्या घेऊन गेलो तो फक्त हाताला सहज लागेल तेथेच टोचला. बाजूच्या फळ्या टणक होत्या. ट्रेलरखाली सरपटत जाऊन तळ पाहणे राहून गेले, कारण कोठारात चिखल होता आणि माझ्या अंगावर बरे कपडे होते. विकणारा म्हणाला, "दोन दिवस पाण्यात ठेवा, लाकूड फुगून फटी आपोआप मिटतील." तो खोटे बोलत नव्हता. कोरडे पडलेले लाकूड पाणी पिऊन फुगते आणि सांधे मिटतात, हे खरेच आहे. मात्र कुजलेले लाकूड फुगून नवे होत नाही, आणि आतून खाऊन गेलेला स्क्रू पाण्यात ठेवल्याने पुन्हा धरत नाही.

घरी आणल्यावर पहिले तीन आठवडे कामाला हातच लावता आला नाही. पुढच्या बैठकीखाली उंदरीण व्यालेली होती. पिल्ले डोळे उघडून आपल्या पायांनी निघून जाईपर्यंत आम्ही थांबलो. शेजारी हसले, पण त्यांच्या हसण्याचा कोणताही खर्च माझ्या खात्यावर पडत नव्हता.

बोट घेण्यापूर्वीच घरात एक करार झाला होता. दुकानाचा हिशेब गेली वीस वर्षे सौ. पाहते. तिने एवढेच विचारले की या छंदाची कमाल मर्यादा किती. मी म्हणालो, खरेदीसह १५,००० डॉलर, तेही तीन वर्षांत, एकही पैसा कर्जाऊ न काढता. तिने मान डोलावली. करार तोंडी होता, पण आमच्या घरात तोंडी शब्दाला कधी कमी मानलेले नाही.

पहिल्या हिवाळ्यात मी काय केले असेल, तर बोटीवरील सगळे चकचकीत सामान उतरवले. दोर बांधण्याचे खुंट, नाळेवरची धातूची पट्टी, काचेच्या चौकटीच्या कड्या, दिव्यांचे खोबण. क्रोमचा मुलामा उडाला होता. ते सामान मुलामा देणाऱ्याकडे पाठवले. बिल आले १,९०० डॉलर. जुन्या बोटीच्या कामात मुलामा किती महाग पडतो हे नवख्याला ठाऊक नसते. विशेषतः जस्तमिश्रित ओतीव धातूचा तुकडा असला की त्यावरचे खड्डे भरून, घासून, तांब्याचे थर देऊन मगच निकेल आणि क्रोम चढते. त्याच सुमारास मूळ बनावटीची मापकांची जोडणी ७०० डॉलरला घेतली. ती मी रीतसर सांगितली. मुलाम्याचा आकडा मात्र सांगण्याचे धैर्य झाले नाही. पैसे दुकानाच्या खात्यातून दिले आणि नोंद केली : ‘दुकान दुरुस्ती, १,९००’.

आजही ही ओळ लिहिताना हात अडखळतो. रक्कम तशी मोठी नव्हती. आमच्या वहीतली ती पहिली खोटी नोंद होती, आणि ती मी केली होती.

मार्च महिन्यात बर्फ वितळल्यावर, जवळच्या एका बोटशाळेतून निवृत्त झालेल्या वृद्ध सुताराला बोट दाखवायला बोलावले. त्यांना मी ‘मास्तर’ म्हणत असे आणि त्यांना तो शब्द आवडे. ते गॅरेजमध्ये आले, चकाकणाऱ्या क्रोमकडे त्यांनी ढुंकूनही पाहिले नाही, पुठ्ठा टाकून त्यावर पाठीवर झोपले आणि ट्रेलरखाली गेले. थोड्या वेळाने आतून टोच्याचा आवाज आला, तो ‘टक्’ असा नव्हता, ओल्या पुठ्ठ्यात सुई जावी तसा होता. बाहेर येऊन म्हणाले, "तळ गेला. सगळा."

या बोटींचा तळ दुहेरी असतो. आत पातळ लाकडाचा थर, त्यावर लेपात भिजवलेला कॅन्व्हास आणि बाहेरून महोगनीच्या लांब फळ्या. नवी असताना ही रचना उत्तम चालते. साठ वर्षांनी तोच कॅन्व्हास ओल धरून ठेवतो आणि लाकूड आतून कुजते. ओकच्या फासळ्यांची टोके आणि कण्याचा काही भागही गेला होता. तळ नवा करण्याचा एका व्यावसायिक शाळेचा अंदाज मागवला. तो २४,००० डॉलरचा होता, म्हणजे बोटीच्या किमतीच्या जवळजवळ सातपट.

त्याच आठवड्यात सौ.ने तिमाहीचा हिशेब काढला. रात्री जेवणानंतर वही समोर ठेवून तिने विचारले, "अहो, दुकानात काय दुरुस्त केलंत?"

मी गप्प राहिलो. तिने आवाज चढवला नाही; चढवला असता तर बरे झाले असते. ती म्हणाली, "बोट तुम्ही मला न विचारता घेतली असतीत तरी चाललं असतं. पण ही वही मी रोज विश्वासाने लिहिते. आता मागच्या प्रत्येक ओळीकडे मला पुन्हा पाहावं लागेल." आणि तिने खरोखरच पाहिले. पुढचे दहाबारा दिवस ती रात्री वीस वर्षांच्या जुन्या वह्या काढून बसत असे. मी समोर बसून राहत असे. मी दिलेली क्षमायाचना तिने ऐकली. स्वीकारली की नाही ते त्या दिवसांत कळले नाही.

मी बोट विकायला काढली. जाहिरातीसाठी फोटो घेत होतो तेव्हा ती गॅरेजमध्ये आली आणि म्हणाली, "आता विकलीत तर किती येतील?" मी म्हणालो, तळ गेल्याचे सांगितले तर हजार, न सांगितले तर चार. "न सांगता विकायची नाही," ती म्हणाली, "आणि हजाराला विकली तर साडेपाच हजारांचा तोटा. आधी हिशेब तर मांडू."

तेव्हा तिने एक कोरी वही घेतली आणि तीन खाती उघडली. पहिल्याला नाव दिले ‘जिवाचे’, दुसऱ्याला ‘चालण्याचे’, तिसऱ्याला ‘दिसण्याचे’. जे निकामी झाले तर माणूस बुडेल किंवा जळेल ते पहिल्यात. जे निकामी झाले तर बोट थांबेल, वल्हे मारत यावे लागेल, ते दुसऱ्यात. बाकी सारे तिसऱ्यात. तोवर झालेला खर्च तिने मांडला : बोट आणि ट्रेलर ३,५००, ट्रेलरची चाके व दिवे ४००, मुलामा १,९००, मापके ७००. एकूण ६,५००. खरेदी आणि ट्रेलर वगळता मी केलेला सगळा खर्च तिसऱ्या खात्यात गेला होता. पहिल्या खात्याचे पान कोरे होते. बोटींविषयी तिला काहीच माहिती नव्हती, आणि तरी वर्षभर पुस्तके वाचून मला जे उमगले नव्हते ते त्या एका पानावर दिसत होते. शिल्लक ८,५०० डॉलर. नियम असा ठरला की पहिले खाते पुरे होईपर्यंत तिसऱ्यात एक डॉलरही पडायचा नाही. दुकानाचे १,९०० मी माझ्या खासगी खात्यातून परत भरले आणि मूळ नोंदीखाली तिच्या समोर दुरुस्तीची नोंद केली. खोडली नाही.

मास्तरांनी शिकवण्याचे कबूल केले, हात मात्र माझे. इंजिन काढले, आतून आडव्या-तिरप्या पट्ट्या ठोकून बोटीचा आकार बांधून घेतला, आणि एका रविवारी मराठी मंडळातील आठ जणांनी पट्टे लावून ती उलटी केली. त्या दिवशी भजी आणि चहाचा खर्च कोणत्या खात्यात घालावा यावर घरात चर्चा झाली.

पुढचे दोन हिवाळे तळाचे. घाई न करणे हेच त्यातले मुख्य कसब. सगळ्या फळ्या एकदम काढल्या तर बोटीचा आकार बिघडतो, म्हणून एक फासळी काढायची, तिच्यावरून नवी कोरायची, बसवायची, मग पुढची. जुन्या रंगात शिसे होते. घासताना श्वसनपट्टी लावायची, धूळ ओली करून उचलायची, आणि ते कपडे घरात आणायचे नाहीत, हे मास्तरांनी पहिल्याच दिवशी बजावले. कॅन्व्हासऐवजी आता बहुतेक जण दोन थरांमध्ये ३एम कंपनीचा ५२०० हा रबरासारखा चिवट लेप भरतात. लाकडाला आधी पातळ इपॉक्सी पाजतात. असा तळ दर वसंतात भिजवून फुगवावा लागत नाही. मूळ पद्धतीचे कट्टर आग्रही याला नाके मुरडतात. मुरडोत. ट्रेलरवर ठेवायच्या, वर्षातून वीसपंचवीस वेळाच पाण्यात जाणाऱ्या बोटीला हेच परवडते.

स्क्रूंच्या बाबतीत माझी एक परीक्षा झाली. तळाला दोन हजारांहून अधिक स्क्रू लागतात आणि ते सिलिकॉन ब्राँझचे हवेत. खर्च ६०० डॉलर. आमच्याच दुकानात पितळी स्क्रूंच्या पेट्या पडून होत्या, खरेदीच्या भावात मला जवळजवळ फुकट. कारखान्याने तरी १९५५ साली पितळीच वापरले होते ना, असा युक्तिवाद मी मनाशी केला. मास्तरांनी जुन्या तळातून निघालेला एक स्क्रू माझ्या तळहातावर ठेवला आणि बोटाने दाबायला सांगितले. तो गुलाबी झाला होता, आणि खडूसारखा मोडला. पाण्याने पितळातले जस्त काढून नेले की उरते ते हे. संध्याकाळी सौ.ने काही न विचारता ६०० हा आकडा ‘जिवाचे’ खात्यात लिहिला.

लाकूड, प्लाय आणि ओक यांचे ३,१००, स्क्रू ६००, लेप आणि इपॉक्सी ९००. तळ ४,६०० डॉलरमध्ये झाला. तांबे मिसळलेला जलजीवनाशक रंग मी लावला नाही. पाण्यातून काढून ट्रेलरवर ठेवल्या जाणाऱ्या बोटीला त्याची गरज नसते, आणि विनाकारण नदीतल्या जिवांवर विष कशाला सोडायचे? साधा कडक रंग स्वस्तही पडला.

इंजिनाला फारसे काही झाले नव्हते. व्हॉल्व्ह घासून बसवले, पाण्याचा पंप आणि कार्ब्युरेटर दुरुस्त केला, धुराच्या वाटेचा गंजलेला भाग बदलला. १,७०० डॉलर. इंधनाच्या पंपावर मात्र मी पुन्हा घसरलो. मोटारीच्या दुकानात तसाच दिसणारा पंप तिप्पट स्वस्त होता. मास्तर म्हणाले, तो बसवणार असशील तर मी इंजिन सुरू करताना येथे थांबणार नाही. कारण साधे आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. मोटारीखाली ती वाऱ्याने निघून जाते. बोटीचे पोट म्हणजे वाटी, तेथे ती साचून राहते आणि एका ठिणगीची वाट पाहते. सागरी पंपाचा पडदा फाटला तरी पेट्रोल बोटीच्या पोटात सांडत नाही. स्टार्टरही ठिणगी बाहेर न पडणारा हवा. म्हणून इंजिन सुरू करण्यापूर्वी निदान चार मिनिटे पंखा चालवून पोटातली हवा बाहेर काढायची आणि मग नाकाने हुंगून खात्री करायची. नवी टाकी, सागरी नळ्या, पंखा, वायरिंग, पाणी उपसण्याचा पंप, अग्निशामक : १,२५० डॉलर. या आकड्यावर सौ.ने भाव करू दिला नाही, आणि तिच्या हयातीत मी तिला भाव न करताना प्रथमच पाहिले.

व्हार्निशबद्दल थोडक्यात. लाकडाला रंगीत भरणी, मग बारा हात, प्रत्येक हातानंतर घासणे. सामान ८०० डॉलर. उरते ते मनगट आणि संयम, दोन्ही घरचे.

बेरीज केली तर १४,८५० येते. वहीत १५० शिल्लक राहिले. मजुरीचे अकराशे तास तिने शेवटी वेगळ्या पानावर लिहून ठेवले, त्यांच्यासमोर रकाना कोरा आहे. काकांच्या प्रश्नाचे उत्तर असे : आज ही बोट विकली तर बारा हजारांच्या वर कोणी देणार नाही. हेसेल या गावी १९७८ पासून दर ऑगस्टमध्ये जुन्या लाकडी बोटींचे प्रदर्शन भरते. तेथे आम्ही दोघे गेलो तेव्हा उत्तम दुरुस्त केलेल्या अशाच बोटी, खर्चाच्या निम्म्या किमतीत विकायला उभ्या पाहिल्या. ज्याला केवळ बोट चालवायची आहे त्याने तशी तयार बोट घ्यावी. मला हे आधी कळते तर मीही घेतली असती. काकांना फोनवर हे सगळे सांगितले. ते म्हणाले, "म्हणजे घाट्याचाच सौदा." मी हो म्हणालो.

जून महिन्यात बोट अल्गोनाकला नेऊन नदीत उतरवली. मास्तर काठावर खुर्ची टाकून बसले. पंखा चार मिनिटे चालवला, हुंगले, आणि किल्ली फिरवली. इंजिन तिसऱ्या प्रयत्नात धरले. सौ. आत बसली नाही. तिने आधी तळावरची झडप उचलून विजेरीने पोट पाहिले. कोरडे होते. दहा मिनिटांनी पुन्हा पाहिले. मग मागच्या बाकावर, जुनी सतरंजी घडी करून ठेवली होती तिच्यावर, ती बसली. गाद्या अजून झालेल्या नव्हत्या. त्या तिसऱ्या खात्यातल्या, आणि तिसरे खाते संपले होते. क्रोम मात्र उन्हात असे चमकत होते की काठावरची मुले बोटे दाखवत होती. तिने एकदा त्या खुंटाकडे पाहिले, एकदा माझ्याकडे, आणि काही बोलली नाही.

नदीच्या मध्यभागी हजार फुटी मालवाहू जहाज चालले होते, पलीकडचा काठ कॅनडाचा. त्याच्या लाटा येतील म्हणून मी वेग कमी केला. "मला द्या," ती म्हणाली आणि सुकाणूचे चाक तिने हाती घेतले. घरी परतल्यावर जेवण होण्याआधी तिने वही काढली, नवे पान उघडले, वर तारीख घातली आणि पेट्रोलचे ३८ डॉलर लिहून विचारले, "याला कोणतं खातं?"